विज्ञानाची उजळणी

माघ सरत आला कीं शहरांतील कित्येक घरांतून एक ठराविक संवाद ऐकूं येऊं लागतो. स्वयंपाकघरांतून प्रश्न येतो, "विज्ञान झालें का ग?" आणि आंतल्या खोलींतून उत्तर येतें, "हो आई, तीनदां वाचून झालें." विचारणारीचें समाधान होतें, उत्तर देणारीचेंहि होतें. पुढें परीक्षेच्या दिवशीं प्रश्नपत्रिका हातांत पडते, आणि त्याच मुलीला असा विलक्षण अनुभव येतो कीं, उत्तर पुस्तकाच्या कोणत्या पानावर आहे, त्या पानावरील आकृति डावीकडे होती कीं उजवीकडे, हें सारें डोळ्यांपुढें दिसतें. आठवत नाहीं तें फक्त उत्तर. निकाल लागल्यावर घरांत एक निर्णय होतो : "विज्ञान कांहीं हिला झेपत नाहीं." पंधराव्या वर्षीं झालेला हा निर्णय पुढें सहसा कोणी तपासून पाहत नाहीं. त्यावरून अकरावीची शाखा ठरते, शाखेवरून पुढचा मार्ग ठरतो, आणि एक दार बहुधा कायमचें बंद होतें. तें दार बुद्धीच्या अभावीं बंद झालें कीं उजळणीच्या चुकीच्या रीतीमुळें, हें पाहण्यास त्या गडबडींत कोणालाच सवड नसते.

उजळणी हा शब्द मोठा बोलका आहे. तो उजळणें या क्रियापदापासून आला. पितळेचें पातेलें काळवंडलें म्हणजे तें समोर ठेवून तीन वेळां न्याहाळल्यानें उजळत नाहीं. त्याला चिंच लावून घांसावें लागतें. या घांसण्यांत थोडें रसायनशास्त्रहि आहे. पितळ म्हणजे तांबें आणि जस्त यांचें संमिश्र. हवेंतील ऑक्सिजन, ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या योगानें त्यावर काळपट ऑक्साइडचा व कालांतरानें हिरवट कार्बोनेटचा थर बसतो. चिंचेंतील आम्लाची त्या थराशीं अभिक्रिया होऊन तो सुटतो, आणि खालचा धातु पुन्हां दिसूं लागतो. संमिश्र, क्षरण, आम्लाची अभिक्रिया असे पुस्तकांतील तीन मुद्दे मोरींतल्या एका पातेल्यांत सांपडतात. परंतु 'क्षरण म्हणजे काय?' या प्रश्नाचें उत्तर घडाघड म्हणणाऱ्या मुलाला 'चिंचेनें पातेलें कां उजळतें?' असें विचारलें तर तो बहुधा आईकडे पाहतो. त्याला व्याख्या येते. व्याख्या कशाची आहे तें ठाऊक नसतें.

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या २०१८ सालीं आलेल्या दहावीच्या अभ्यासक्रमांत विज्ञान आणि तंत्रज्ञान या विषयाचे दोन भाग पाडण्यांत आले. पहिल्यांत मुख्यतः पदार्थविज्ञान आणि रसायन, दुसऱ्यांत मुख्यतः जीवविज्ञान. प्रत्येक भागांत दहा प्रकरणें, आणि प्रत्येकाची ४० गुणांची, दोन तासांची लेखी परीक्षा. वीस प्रकरणें म्हणजे कांहीं डोंगर नव्हे. पण वीस प्रकरणें तीनदां वाचावयाची म्हटलीं तर साठ प्रकरणें होतात, आणि तिसऱ्या खेपेस डोळे ओळींवरून धांवत असतात व मन खिडकींत असतें. त्यांतच रंगीत शाईनें ओळी रंगविण्याची टूम आहे. सुरुवातीस महत्त्वाच्या ओळी रंगतात, मग त्यांच्या शेजारच्या. अखेर सगळें पानच पिवळें होतें आणि महत्त्वाचें काय हा प्रश्न होता तेथेंच राहतो.

वाचलेलें ओळखणें आणि वाचलेलें आठवणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, ही या सर्व घोटाळ्याची मुळाशीं असलेली बाब. रस्त्यांत भेटलेला मनुष्य ओळखीचा वाटतो, पण नांव आठवत नाहीं, असें प्रत्येकाचें होतें. पुस्तकाचें पान तिसऱ्यांदां समोर आलें कीं तें असेंच ओळखीचें वाटतें. परीक्षेंत मात्र पान समोर नसतें. तेथें नांवच सांगावें लागतें.

१८८५ सालीं हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकानें स्मृतीवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रयोगासाठीं त्यानें दुसरा मनुष्य शोधला नाहीं; स्वतःलाच त्यानें तपासलें. अर्थहीन अक्षरसमूहांच्या याद्या पाठ करावयाच्या, कांहीं काळ जाऊं द्यावयाचा, आणि त्याच याद्या पुन्हां पाठ करतांना किती श्रम वांचतात तें मोजावयाचें, असा त्याचा क्रम असे. वीस मिनिटांनीं निम्म्याहून थोडे अधिक श्रम वांचत. एका दिवसानंतर जेमतेम एक-तृतीयांश. महिन्यानंतर सुमारें एक-पंचमांश. म्हणजे विस्मरणाचा उतार पहिल्या दिवशींच सर्वांत तीव्र असतो, पुढें तो सौम्य होत जातो. याच ग्रंथांतील दुसरी एक नोंद पालकांनीं भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे. बारा अक्षरसमूहांची यादी आदल्या एकाच दिवशीं ६८ वेळां म्हटल्यानें जेवढा लाभ झाला, तेवढाच ती आदल्या तीन दिवसांत वांटून ३८ वेळां म्हटल्यानेंहि झाला. तीस आवृत्त्यांचे कष्ट निव्वळ वांटणीनें वांचले. रविवारीं सबंध दिवस एकच प्रकरण घेऊन बसणाऱ्या विद्यार्थ्याची मेहनत अधिक दिसते, पण त्याचा हिशेब आतबट्ट्याचा असतो.

दुसरा प्रयोग अलीकडचा आहे. अमेरिकेंतील सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाचे रोडिगर आणि कार्पिक यांनीं तो २००६ सालीं प्रसिद्ध केला. वाचावयास दिलेले उतारे शास्त्रीय विषयांवरचेच होते. एक सूर्यावर, एक समुद्रांतील पाणमांजरावर. विद्यार्थ्यांच्या एका गटानें चारहि बैठकींत उतारा वाचला. सरासरीनें त्यांचें वाचन १४ वेळां झालें. दुसऱ्या एका गटानें पहिल्या बैठकींत तीन-चार वेळां वाचून उतारा दूर ठेवला, आणि उरलेल्या तीन बैठकींत कोऱ्या कागदावर जें आठवेल तें लिहिलें. पांच मिनिटांनीं परीक्षा घेतली तेव्हां वाचणाऱ्यांना उताऱ्यांतील शेंकडा ८३ गोष्टी आठवल्या, लिहिणाऱ्यांना ७१. येथपर्यंत वाचनाचाच जय झाला. आठवड्यानें पुन्हां परीक्षा झाली, तेव्हां वाचणारे ४० वर उतरले होते आणि लिहिणारे ६१ वर टिकून होते. यांतील सर्वांत बोधक भाग असा कीं, आपल्याला पुढें किती आठवेल असें विचारलें असतां अधिक आत्मविश्वास वाचणाऱ्यांनींच दाखविला होता. आंतल्या खोलींतून येणारें "तीनदां वाचून झालें" हें उत्तर खोटें नसतें. तें प्रामाणिकपणें चुकलेलें असतें.

तेव्हां उजळणी ती मिटलेल्या पुस्तकाची. एक प्रकरण एकदां नीट, समजून वाचावें, पुस्तक मिटावें, कोऱ्या कागदावर आकृत्या, सूत्रें, नांवें, कारणें जें सुचेल तें लिहावें, आणि मग पुस्तक उघडून राहिलेलें निराळ्या शाईनें भरावें. ती निराळी शाई म्हणजेच त्या दिवसाचा खरा अभ्यास. दोन दिवसांनीं त्याच प्रकरणाचा पुन्हां एक कोरा कागद, मग आठवड्यानें एक. पहिला कागद पाहून मुलाला रडूं कोसळतें, कारण त्यावर चारच ओळी असतात. या वेळीं घरांतील वडील माणसांनीं धीर धरावा. त्या चार ओळींत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं, आणि तीनदां वाचल्याच्या समाधानापेक्षां त्यांची किंमत कितीतरी अधिक आहे.

आठवणीनें पान भरलें म्हणजे विज्ञान आलें असेंहि नव्हे. विज्ञानाचा प्रश्न अनेकदां फिरवून येतो, आणि फिरविलेल्या प्रश्नापुढें पाठांतर उघडें पडतें. यासाठीं प्रत्येक मुद्द्याला निदान एक 'कां' आणि एक 'मग काय होईल' जोडावयाची संवय लागली पाहिजे.

चुन्याचें उदाहरण घेतां येईल. कळीच्या चुन्यावर पाणी पडलें कीं तो खदखदतो आणि भांडें हाताला चटका देण्याइतकें तापतें. कॅल्शियम ऑक्साइड आणि पाणी मिळून कॅल्शियम हायड्रॉक्साइड झालें, उष्णता बाहेर पडली. ही संयोग अभिक्रिया आणि ही ऊष्मादायी अभिक्रिया, एवढें मुलें लिहितात. पुढें त्या चुन्याची निवळी घेऊन तींत नळीनें फुंकलें तर ती दुधाळ होते. उच्छ्वासांतील कार्बन डायऑक्साइडमुळें न विरघळणारें कॅल्शियम कार्बोनेट तयार झालें, हेंहि पाठ असतें. येथें प्रश्न फिरवावा. कार्बन डायऑक्साइड तसाच सोडीत राहिलें तर? निवळी पुन्हां स्वच्छ होते. कारण अधिक वायूनें त्या कार्बोनेटाचें विरघळणारें बायकार्बोनेट बनतें. पोपडे उडालेल्या भिंतीला चुन्याची सफेती दिली तर ती दोन-तीन दिवसांनीं कां चकाकूं लागते? हवेंतील त्याच वायूनें तेथें तेंच कार्बोनेट तयार केलेलें असतें. आणि उच्छ्वासांत तो वायु आला कोठून? येथें रसायनाचें पुस्तक संपतें आणि जीवविज्ञानाचें उघडतें, कारण तो पेशींतील ग्लुकोजच्या विघटनांतून आला. चुन्याची एक डबी तीन प्रकरणें बांधून ठेवते. (कळीचा चुना मुलांनीं एकट्यानें हाताळूं नये, निवळी ओढूनहि पाहूं नये, फुंकावीच.)

रासायनिक समीकरणें संतुलित करणें हें कित्येकांना जादूटोण्यासारखें वाटतें. सहा रेणू कार्बन डायऑक्साइड, सहा रेणू पाणी, एक रेणू ग्लुकोज, सहा रेणू ऑक्सिजन हें प्रकाशसंश्लेषणाचें समीकरण 'सहा-सहा-एक-सहा' असें श्लोकासारखें पाठ करतात. श्लोक विसरला कीं सर्व गेलें. दोन्ही बाजूंचे अणू वाण्याच्या दुकानांतील हिशेबाप्रमाणें मोजून पाहणाऱ्याला मात्र कांहीं पाठ करावें लागत नाहीं. ग्लुकोजमध्यें कार्बनचे सहा अणू आहेत, तेव्हां कार्बन डायऑक्साइडचे रेणू सहाच हवेत. हायड्रोजनचे बारा आहेत, तेव्हां पाण्याचेहि सहाच. बाकीचा हिशेब ऑक्सिजनचा.

पदार्थविज्ञानांत विद्यार्थी सूत्रांना धरून बसतात. विद्युत्शक्तीचीं तीन सूत्रें तोंडपाठ असतात, पण कोणतें केव्हां लावावें हें कळत नाहीं. अशांना विचारण्यास एक जुना प्रश्न फार चांगला आहे. २२० व्होल्टवर चालणारे तंतूचे दोन दिवे आहेत, एक १०० वॅटचा आणि एक ६० वॅटचा. ते एकसर जोडणींत जोडून त्याच विभवांतरास लावले, तर अधिक प्रखर कोणता? दहांपैकीं नऊ जण क्षणाचाहि विचार न करतां '१००चा' म्हणतात. वास्तविक १०० वॅटच्या दिव्याचा रोध सुमारें ४८४ ओहम आणि ६० वॅटच्याचा सुमारें ८०७ ओहम येतो. एकसर जोडणींत दोघांतून धारा एकच वाहते, तेव्हां ज्याचा रोध मोठा तो अधिक तापणार. अर्थात् ६०चाच प्रखर. समांतर जोडणींत विभवांतर एकच राहतें म्हणून तेथें १००चा जिंकतो, आणि घरांतील सर्व दिवे समांतर असल्यामुळें डोळ्यांना तेंच दिसत आलेलें असतें. या एका प्रश्नांत तीन सूत्रांचें प्रकरण जवळजवळ संपूर्ण येतें. हा प्रयोग कागदावरच करावा, घरांतील विजेच्या तारांवर नव्हे. शिवाय हल्लींचे एलईडी दिवे या हिशेबांत बसतहि नाहींत.

जीवविज्ञानाविषयीं अशी समजूत आहे कीं तेथें विचाराला वाव नाहीं, सारें नांवांचेंच राज्य. ही समजूत घातक आहे. 'धमनींत ऑक्सिजनयुक्त रक्त, शिरेंत ऑक्सिजनविरहित' असें घोकलेला विद्यार्थी फुप्फुस धमनीपाशीं अडखळतो, कारण तिच्यांतील रक्त ऑक्सिजनविरहित असतें. हृदयापासून दूर नेते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शिरा, एवढें ज्यानें कारणासह धरलें तो अडखळत नाहीं. हृदयाची आकृति पुस्तक मिटून काढावी, आणि मग विचारावें कीं डाव्या निलयाची भिंत उजव्यापेक्षां जाड कां. उजव्याला रक्त शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच ढकलावयाचें असतें. डाव्याला डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत. तशीच दुसरी हट्टी चूक : वनस्पति दिवसा कार्बन डायऑक्साइड घेतात आणि फक्त रात्रीं श्वसन करतात. श्वसन रात्रंदिवस अखंड चालूच असतें. दिवसा प्रकाशसंश्लेषणाचा वेग त्याहून मोठा असल्यामुळें तें झांकलें जातें इतकेंच.

मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीची मुलांना सर्वांत अधिक धास्ती वाटते. ती सारणी मुळांत विद्यार्थ्यांसाठीं चाललेल्या कामांतून निघाली, हें त्यांना सांगितलें तर ती धास्ती थोडी ओसरेल. दिमित्री मेंडेलीव्ह हा सेंट पीटर्सबर्गच्या विद्यापीठांत रसायनशास्त्राचें पाठ्यपुस्तक लिहीत होता. त्या वेळीं ६३ मूलद्रव्यें ठाऊक होतीं, आणि तीं विद्यार्थ्यांपुढें कोणत्या क्रमानें मांडावीं ही त्याची अडचण होती. अणुवस्तुमान आणि गुणधर्म यांची सांगड घालतां घालतां १८६९ सालीं त्याची सारणी तयार झाली. जेथें गुणधर्म जुळेनात तेथें त्यानें जागा रिकाम्या ठेवल्या, आणि त्या जागीं पुढें काय सांपडेल याचेंहि भाकीत केलें. १८७५ सालीं फ्रान्समध्यें लकॉक द ब्वाबोद्रां यानें गॅलियम शोधून काढलें आणि त्याची घनता ४·७ असल्याचें कळविलें. मेंडेलीव्हनें तो धातु डोळ्यांनीं पाहिलेलाहि नव्हता. तरी ती ५·९च्या सुमारास असली पाहिजे, नमुना पुन्हां शुद्ध करावा, असें त्यानें सुचविलें. नमुना शुद्ध केल्यावर घनता ५·९ भरली. विद्यार्थ्यानेंहि सारणी पाहून उतरविण्यापेक्षां आठवून मांडावी आणि रिकाम्या राहिलेल्या जागा तशाच दिसूं द्याव्या. शेजारपाजारच्या मूलद्रव्यांवरून त्या जागीं धातु असेल कीं अधातु, संयुजा किती असेल, हें ताडून पाहण्यांत जो अर्धा तास जातो तो वाया जात नाहीं.

घरांत विज्ञान शिकलेलें कोणी नाहीं, मग मुलांचा अभ्यास घ्यावा कोणी, अशी तक्रार पुष्कळ घरांतून ऐकूं येते. वस्तुतः ज्याला उत्तर ठाऊक नाहीं तोच पुष्कळदां उत्तम परीक्षक ठरतो. कारण जाणता मनुष्य अर्धवट उत्तर मनांतल्या मनांत पूर्ण करून घेतो, आणि नेणत्याला अर्धवट उत्तरानें समजतच नाहीं. तो "म्हणजे काय?" असें विचारतो. या दोन शब्दांचा मारा झाला कीं पाठांतराचा बुरूज ढांसळतो. पालकानें पुस्तक आपल्या हातांत घ्यावें, मुलाच्या हातीं देऊं नये, आणि समजेपर्यंत विचारीत राहावें. रागावूं मात्र नये.

एका घरांत परीक्षेपूर्वीं महिनाभर असें झालें. नात दहावीला, आणि आजीचें शिक्षण चौथीपर्यंत. नातीला निकटदृष्टितेचा उणे दोनचा चष्मा आणि आजीला वाचावयाची अधिक दोनची चाळिशी. नात भिंगांचें प्रकरण घोकीत होती : बहिर्वक्र भिंग किरण एकत्र आणतें, अंतर्वक्र भिंग फांकवितें, डायॉप्टरमधील शक्ति म्हणजे मीटरमधील नाभीय अंतराचा व्यस्त. आजीनें विचारलें, "म्हणजे काय?" नातीनें व्याख्या पुन्हां म्हटली. आजीनें पुन्हां विचारलें. अखेर नातीनें चिडून आजीच्या नाकावरची चाळिशी उचलली, खोलींतील दिवा मालवला आणि खिडकीसमोरच्या भिंतीपासून अर्ध्या मीटरवर ती धरली. किंचित् पुढें-मागें सरकवितांच भिंतीवर खिडकी उमटली. गज, पडदा, बाहेरच्या नारळाची झावळी, सगळें लहान आणि सगळें उलटें. शक्ति दोन, म्हणून अंतर अर्धा मीटर, हें गणित आजीला तेव्हां न सांगतां कळलें. मग तिनें नातीचा चष्मा मागून घेतला आणि तसाच भिंतीसमोर धरला. भिंतीवर नुसती त्याची सांवली पडली.

"तुझ्यानें कां ग पडत नाहीं?"

नातीनें सांगितलें कीं तिच्या चष्म्याचें भिंग किरण जुळवीत नाहीं, पसरवितें. तिच्या डोळ्यांत प्रतिमा पटलाच्या अलीकडेच जुळते, म्हणून आधीं किरण थोडे पसरवून ती मागें न्यावी लागते. आजीच्या डोळ्याचें भिंग आतां जवळचें पाहण्यापुरतें फुगीर होत नाहीं, म्हणून त्याला बाहेरून जोड द्यावी लागते. हें सर्व तिनें पुस्तक न उघडतां सांगितलें, आणि सांगून झाल्यावर तिचें तिलाच आश्चर्य वाटलें. आजीचा प्रश्न मात्र संपला नव्हता. "आणि खिडकी उलटी कां पडली?" येथें नात थांबली. तिनें कागद ओढला, भिंग काढलें, खिडकीच्या वरच्या टोकापासून दोन किरण काढले. पहिल्या खेपेस ते भिंगाच्या मध्यापाशींच चुकले. दुसऱ्या खेपेस ते मुख्य अक्षाच्या खालीं जाऊन मिळाले, आणि आजीनें आपली चाळिशी परत मागितली.